मुलांसह रत्नागिरी : आधी घड्याळ, मग ठिकाण

विचारणा थोडक्यात अशी : सोलापूरचे एक कुटुंब मेच्या पहिल्या आठवड्यात चार दिवसांसाठी रत्नागिरीस येत आहे. बरोबर ५ वर्षांची मुलगी, १० वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखीने हैराण असलेल्या सासूबाई आहेत. शहरात काय पाहावे, मुलांना कुठे आणि काय खाऊ घालावे, बाजारातून काय आणावे आणि कशाचा मोह टाळावा, असे मुलांच्या आईने विचारले असून सोबत १७ ठिकाणांची एक यादीही जोडली आहे.

मी रत्नागिरीत २३ वर्षे प्राथमिक शिक्षिका म्हणून काम केले. त्यांतली बहुतेक वर्षे शाळेच्या सहली आणि क्षेत्रभेटी माझ्याकडे होत्या, आणि माझी दोन्ही मुले याच शहरात लहानाची मोठी झाली. चाळीस मुलांना रांगेने किल्ल्यावर नेणे आणि स्वतःच्या एका हट्टी मुलाला वाळूतून उठवून घरी आणणे, यांपैकी दुसरे काम अधिक कठीण असते, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. त्या अनुभवावरून सांगते, की आपली यादी चुकीची नाही; तिच्यात फक्त घड्याळ नाही. रत्नागिरीत लहान मुलांसह फिरताना कुठे जाता यापेक्षा किती वाजता जाता याला अधिक महत्त्व आहे, कारण इथला दिवस समुद्राची भरती-ओहोटी आणि मेमधले ऊन या दोन गोष्टींनी बांधलेला असतो.

उन्हाविषयी सोलापूरकरांचा हमखास गैरसमज होतो. आपल्याकडे मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो आणि इथे तो बहुधा ३३-३४ च्या आसपास असतो, म्हणून हे ऊन काहीच नव्हे असे वाटते. परंतु हवेत इतका दमटपणा असतो, की आलेला घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, आणि पाच वर्षांचे मूल तासाभरात चिडचिडे होऊन बसते. ते ऊन लागल्याचे लक्षण असते. पालकांना मात्र तो हट्ट वाटतो. म्हणून सकाळी साडेसहा ते साडेदहा आणि संध्याकाळी पाच ते साडेसात एवढेच तास बाहेरचे समजावेत. चार दिवसांत असे फार तर आठ फेरे होतील आणि त्यांतला एक प्रवासाच्या शिणवट्यात जाईल. उरलेल्या सातांत सतरा ठिकाणे बसणार नाहीत, आणि बसवण्याचा प्रयत्नही करू नये.

दुसरी गोष्ट भरतीची. आपण जिथे उतराल तेथील मंडळी वेळा सांगतीलच, परंतु भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून त्या स्वतःलाही काढता येतात. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा आहे, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अदमासे मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. तीच वेळ दिवसा आणि रात्री दोन्हीकडे थोड्याफार फरकाने लागू होते आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास भरती दुपारी बाराच्या आगेमागे लागते, त्यामुळे संध्याकाळी किनारा लांबवर उघडा पडतो आणि मुलांना पळायला, किल्ले करायला, शंख-शिंपले वेचायला ओली टणक वाळू मिळते. अष्टमीच्या संध्याकाळी मात्र पाणी वर आलेले असते, आणि किनाऱ्यावर फिरायचे म्हणून निघालेले कुटुंब कोरड्या वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर बसून परत येते. माझ्या मुलाच्या वर्गातल्या एका बाईंनी अशाच एका अष्टमीला मांडवीवर वनभोजन ठरवले होते. त्या दिवसापासून आमच्या शाळेत सहलीच्या सूचनेवर तिथी लिहिण्याची पद्धत पडली.

याच हिशेबाची दुसरी बाजू धोक्याची आहे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते; पाणी जितके वर येते तितकेच खाली जाते, आणि उतरताना ते पायाखालची वाळू ओढून नेते. म्हणजे जी संध्याकाळ वाळूत खेळायला सर्वांत चांगली, तीच पाण्यात शिरायला सर्वांत वाईट. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा ओढ कमी असते. तरीही लहान मुलांसाठी माझा नियम एकच राहिला आहे : ओहोटीने वाळूत मागे ठेवलेल्या डबक्यांत हवे तितके डुंबावे, लाटांत मात्र घोट्याच्या वर पाणी चढू देऊ नये, आणि मोठ्या माणसाने मुलाच्या समुद्राकडच्या बाजूला उभे राहावे, किनाऱ्याकडच्या नव्हे. आरे-वारे आणि गणपतीपुळे या दोन्ही किनाऱ्यांवर पोहता येणारी मोठी माणसेही बुडालेली आहेत. तिथे पाण्यात उतरण्याचा विषयच काढू नये.

आता ठिकाणांकडे येते. पाच वर्षांच्या मुलीसाठी शहराजवळची सर्वांत चांगली जागा भाट्याचा किनारा ही आहे, आणि तीही सकाळी. राजिवड्याकडून काजळी नदीवरचा पूल ओलांडला की लगेच हा सुमारे दीड किलोमीटरचा सपाट किनारा लागतो. मागे सुरूचे बन असल्यामुळे आजींना सावलीत बसता येते आणि मुले नजरेसमोर राहतात. पुलाकडचे टोक, म्हणजे जिथे खाडी समुद्राला मिळते ती बाजू, टाळावी. तिथे प्रवाह फसवा असतो. दुसऱ्या टोकाला झरीविनायकाचे मंदिर आहे. जवळच कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे. ‘प्रताप’ ही नारळाची जात इथेच तयार झाली. सोलापूरच्या मुलांनी नारळ बाजारात पाहिलेला असतो. रोपवाटिकेत तोच नारळ जमिनीवर आडवा पडून त्यातून कोंब वर आलेला पाहिला, की धाकट्यांचे डोळे विस्फारतात. माझ्या वर्गातल्या मुलांना किल्ल्यापेक्षा हा कोंब अधिक लक्षात राहिल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

मांडवी ही संध्याकाळची जागा आहे. वाळू काळी, धक्का लांब, वारा भरपूर, आणि सूर्यास्ताला गाव लोटलेले. इथे येताना एक साधे लोहचुंबक कागदात किंवा पातळ पिशवीत गुंडाळून आणावे आणि वाळूत फिरवावे. काळे कण त्याला मिशा फुटल्यासारखे चिकटतात, कारण या वाळूत इल्मेनाइट या काळ्या खनिजाबरोबर लोहचुंबकीय खनिजेही असतात. रत्नदुर्ग किल्ल्याच्या पलीकडच्या बाजूच्या किनाऱ्याला लोक पांढरा समुद्र म्हणतात. तिथली वाळू उजळ असते. दोन्हीकडची चिमूटभर वाळू दोन बाटल्यांत भरून नेली, तर दहा वर्षांच्या मुलाचा सुट्टीतला एक प्रकल्प आपोआप होतो. काळी वाळू कपड्यांतून सहजी निघत नाही, म्हणून मांडवीसाठी जुने कपडे ठेवावेत.

रत्नदुर्गावर गाडी बरीच वरपर्यंत जाते आणि भगवतीच्या मंदिरापर्यंत सासूबाईंना बेताने नेता येईल. घोड्याच्या नालेसारखा पसरलेला, तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेला हा किल्ला मुलांना आवडतो, परंतु तटावर वारा जोराचा असतो, कडे सरळ खाली गेलेले आहेत आणि सगळीकडे कठडे नाहीत; धाकटीचा हात क्षणभरही सुटता कामा नये. एके वर्षी बसला उशीर झाल्यामुळे आमची सहल इथे साडेअकराला पोचली. तीन मुलांना ऊन लागले, आणि मंदिराच्या ओसरीत ओल्या रुमालांनी त्यांची कपाळे पुसत आम्ही दुपार काढली. किल्ला सकाळी सातला पाहावा. वरून मिरकरवाडा बंदर दिसते, ते मुलाला तिथूनच दाखवावे.

बंदरात प्रत्यक्ष उतरायचे असेल, तर दहा वर्षांच्या मुलाने वडिलांबरोबर जावे आणि धाकटीने आजीजवळ थांबावे. मिरकरवाडा हे राज्यातल्या मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक आहे. जूनच्या १ तारखेपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते, त्यामुळे मेमध्ये शेवटच्या फेऱ्यांची गडबड चालू असते. जमीन निसरडी, माणसे घाईत आणि लिलावाचा आवाज चढलेला. मुलाला एका कडेला उभे करून पाहू द्यावे, वाटेत येऊ देऊ नये, आणि छायाचित्र काढण्यापूर्वी मासळीवाल्या बायकांना विचारावे. विचारले की त्या हसून मासा वर धरतात. न विचारता काढले की जे ऐकावे लागते, ते मुलांसमोर नको.

आपल्या यादीत थिबा राजवाडा अकराव्या क्रमांकावर आहे. मी तो पहिल्या तिघांत आणीन, मात्र मुलांना आधी गोष्ट सांगण्याच्या अटीवर. गोष्टीवाचून ती केवळ एक जुनी इमारत आहे आणि मूल दहा मिनिटांत ‘चला’ म्हणते. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८५ सालच्या युद्धात इंग्रजांकडून हरला आणि १८८६ मध्ये राणी आणि मुलींसह त्याला रत्नागिरीत आणून ठेवले गेले. समुद्राकडे तोंड केलेला हा तिमजली वाडा त्याच्यासाठी बांधून झाला तो १९१० च्या सुमारास, म्हणजे तोपर्यंत कैदेची चोवीस वर्षे उलटली होती. आणि १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच वारला. आपला देश राजाने पुन्हा पाहिला नाही. हे सांगून मग अर्धवर्तुळाकार खिडक्यांची रंगीत काच, लाकडावरची नक्षी आणि दरबाराच्या दालनाची फरशी दाखवावी. मी मुलांना नेहमी एकच काम देत असे : राजा कोणत्या खिडकीत बसत असेल, ते तुम्ही ठरवा. त्या प्रश्नावर माझा एक वर्ग पाऊण तास त्या वाड्यात रमला होता. थोरल्या राजकन्येचे वंशज पुढे याच मातीतले झाले आणि मराठी बोलू लागले, हे आजींना सांगावे. त्यांना ती गोष्ट मुलांपेक्षा अधिक भिडेल. शासनाची संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात, तेव्हा वार पाहून जावे. राजवाड्यानंतर जवळच्या थिबा पॉइंटवर जाऊन बसावे. तिथून भाट्याची खाडी आणि पूल दिसतात.

टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मस्थान छोटे आहे आणि अर्ध्या तासात होते. २३ जुलै १८५६ ही जन्मतारीख मुलाने शाळेत पाठ केलेली असेलच. इथे त्याला उतरत्या छपराचे कौलारू कोकणी घर दाखवावे आणि पावसाच्या प्रदेशात घरे अशी का बांधतात, हे त्यालाच विचारावे. माळवदाच्या घरांच्या मुलखातून आलेल्या मुलाला हा फरक चटकन दिसतो. वीर सावरकरांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीरांच्या खर्चाने १९३१ मध्ये उभे राहिलेले पतितपावन मंदिर येता-जाता पाहता येईल. सर्व जातींच्या लोकांना एकत्र पूजा करता यावी म्हणून ते बांधले गेले, हे दहा वर्षांच्या मुलाला समजते आणि त्यावर तो प्रश्न विचारतो. त्या प्रश्नांना उत्तर देण्याची तयारी ठेवावी.

झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातले मत्स्यालय हे दुपारच्या उन्हातही जाण्याजोगे ठिकाण आहे, कारण ते छपराखाली आहे. टाक्यांमधले मासे, कासवे आणि संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा एवढ्यावर तासभर निघतो. मोठ्या शहरांतले चकचकीत मत्स्यालय डोळ्यांपुढे ठेवून जाऊ नये. हे संशोधन संस्थेचे आहे आणि तसेच दिसते.

गणपतीपुळ्याला एक अख्खी सकाळ द्यावी, रविवार आणि चतुर्थी सोडून. किनाऱ्याच्या रस्त्याने अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. साडेसातच्या आत पोचल्यास दर्शन शांतपणे होते आणि डोंगराभोवतीची एक किलोमीटरच्या आसपासची प्रदक्षिणाही मुलांना चालता येते. नऊनंतर तीच वाट अनवाणी पायांना भाजते, म्हणून सासूबाईंनी प्रदक्षिणेचा आग्रह धरला तर तो पहाटेवर ढकलावा. उंट, घोडे आणि पाण्यातले फटफटीसारखे खेळ यांविषयी माझे मत प्रतिकूल आहे. मेमधल्या गर्दीत त्या जनावरांचे हाल होतात, आणि खेळांवर जो पैसा जातो त्यात दोन वेळचे उत्तम जेवण होते. शेजारच्या मालगुंडला केशवसुतांचे स्मारक आहे; मोठ्या मुलाने ‘तुतारी’ पाठ केली असेल तर जरूर जावे, नसेल तर तो वेळ वाचवावा. परतताना आरे-वारेच्या वळणावर वरच्या बाजूला थांबून दोन्ही किनारे पाहावेत आणि गाडीत बसावे.

सासूबाईंसाठी एक फेरा राखून ठेवावा, तो पावसचा. स्वामी स्वरूपानंदांचे समाधिमंदिर शांत, स्वच्छ आणि सपाटीवर आहे, आणि तिथे मुलेही नकळत हळू आवाजात बोलू लागतात.

आपल्या यादीत नसलेले एक ठिकाण मी सुचवते : उक्षीचे कातळशिल्प. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरच्या, जांभ्या कातळात कुणा अज्ञात माणसांनी प्राचीन काळी कोरलेला हत्ती तिथे आहे, आणि भोवती बांधलेल्या चौथऱ्यावरून तो नीट पाहता येतो. कोकणातल्या अशा शिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. सड्यावर झाडाची सावली नाही, म्हणून आठच्या आत तिथून निघालेले असावे. कातळावर बसून कागदावर तो हत्ती काढायला मुलाला वही-पेन्सिल द्यावी. छायाचित्रापेक्षा ते चित्र घरी जास्त दिवस टिकते.

खाण्याविषयी विस्ताराने लिहिते, कारण मुलांची सहल बहुधा पोटामुळे बिघडते. मी मुद्दाम खानावळींची नावे देत नाही. मालक आणि आचारी बदलले की चव बदलते, आणि मेमधली चव डिसेंबरच्या चवीशी जुळतेच असे नाही. त्याऐवजी पारख सांगते. दुपारी एकच्या सुमारास जिथे कचेरीतली आणि बाजारातली स्थानिक माणसे जेवत असतात, तिथे मासळी फिरती राहते, म्हणजे ताजी असते. ऑर्डर देण्यापूर्वी कच्चा मासा दाखवा म्हणावे. दाखवायला कां-कूं केली तर उठावे. फलकावर ‘भाव बाजाराप्रमाणे’ असे लिहिलेले असेल, तर तुकडीचा भाव आधी विचारून घ्यावा. मुले लहान असताना एका प्रसिद्ध जागी आम्ही हे विचारले नाही. दीड तास थांबलो, धाकटी टेबलावरच झोपली, आणि बिलातला सुरमईचा आकडा पाहून माझ्या यजमानांनी परतीच्या वाटेवर अक्षरही काढले नाही. साडेबाराला जेवायला बसले तर असे थांबावे लागत नाही.

मासे न खाल्लेल्या मुलांना पहिल्याच दिवशी तिसऱ्या (शिंपल्या), कालवे किंवा कोळंबी देऊ नये. कवचातल्या मासळीची ॲलर्जी असल्यास ती परगावी समजणे फार गैरसोयीचे असते. सुरमईच्या तुकडीत मधला एकच मोठा काटा असतो, तेव्हा तिथून सुरुवात करावी. मुडदुशी मिळाली तर फारच उत्तम. कोकणात आजारातून उठलेल्यांना आणि लहानग्यांना हाच मऊ मासा देतात. बांगडा चवदार, परंतु काट्यांचा. तो मोठ्यांनी खावा. सोलकढीत मिरची आणि लसूण असतात, म्हणून धाकटीसाठी आधीच बिनमिरचीची मागावी.

शाकाहारी मंडळींची इथे चंगळ असते, पण ती फलकावरच्या पदार्थांत नव्हे. पंजाबी भाज्या सोलापुरातही मिळतात. घरगुती जेवण देणाऱ्यांकडे आदल्या रात्री सांगून ठेवावे : तांदळाचे घावन आणि नारळाचा गोड रस, केळीच्या पानातली पानगी, कुळथाची पिठी आणि मऊ भात, फणसाची भाजी, उकडीचे मोदक. घावन आणि नारळाचा रस हे दोन पदार्थ खाऊन दिवस काढणारी पाच वर्षांची मुले मी पाहिली आहेत, आणि त्यात वाईट काहीच नाही. सासूबाईंना भाकरी लागेल. इथे ती तांदळाची असते. ज्वारीची सवय असलेल्यांना दोन दिवस ती पोटभरीची वाटत नाही, म्हणून थोडे पीठ बरोबर आणले तर कोणी हसणार नाही. मांडवीवर गरम वडा आणि भेळ खाण्यास हरकत नाही. बर्फाचा गोळा मात्र मी माझ्या मुलांना कधीच दिला नाही, आणि त्याबद्दल ती अजून मला टोमणे मारतात.

खरेदीत पहिला मान अर्थातच हापूसचा. त्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरीबरोबर सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हेही त्यात येतात. परंतु रत्नागिरीचे नाव लावून परराज्यातला आंबा विकण्याचा उद्योग महामार्गावर मेमध्ये जोरात असतो. एकदा मी स्वतः, इथली रहिवासी असून, घाईत महामार्गावरून पेटी घेतली. वरच्या थरात दृष्ट लागावी असे आंबे आणि खालच्या थरात लिंबाएवढे. तेव्हापासून खालचा थर उघडून दाखवल्याशिवाय पैसे देत नाही. पेटीवर चार, पाच किंवा सहा डझन असे लिहिलेले असते; डझन जितके कमी, फळ तितके मोठे, म्हणून दोन दुकानांतल्या पेट्यांच्या भावाची तुलना करताना डझन विचारल्याशिवाय करू नये.

शक्य असेल तर थेट बागायतदाराकडे जावे आणि मुलांना झेल्याने, म्हणजे लांब काठीच्या जाळीने, आंबा उतरवताना दाखवावे. चांगला बागायतदार आंबा चौदा आणे, म्हणजे सोळापैकी चौदा भाग, तयार झाल्यावर देठासह काढतो आणि गवताच्या आढीत पिकवतो. आपण परतीच्या आदल्या दिवशी कच्ची पेटी घेतली, तर घरी आठवडाभरात आंबे पुढेमागे पिकत राहतील आणि सगळे एकदम खाऊन संपवण्याची घाई होणार नाही. कार्बाइड वापरून पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. एकसारखा पिवळाधमक, तरीही नाकाला वास न देणारा आंबा दिसला, की पुढच्या दुकानात जावे. कापल्यावर कोयीजवळ पांढरट, पोकळ गर निघाला तर तो साका. तो बाहेरून ओळखता येत नाही, प्रामाणिक विक्रेत्यालाही नाही, म्हणून एखाद-दुसऱ्या फळासाठी कोणाशी भांडू नये. पेटीत चार-पाच निघाले तर मात्र फोन करावा, आणि चांगला बागायतदार भरपाई देतो.

काजू घेताना २४० आणि ३२० हे आकडे ऐकू येतील. एका पौंडात साधारण किती गर बसतात, त्याचा तो आकडा असतो. म्हणजे २४० चा गर मोठा आणि महाग. भाजी-खिरीसाठी पाकळी किंवा तुकडा घ्यावा, चव तीच असते आणि भाव बराच कमी. इथे विकला जाणारा प्रत्येक काजू इथेच पिकलेला असतो असे नाही, कारण कारखान्यांत बाहेरदेशची बीही फोडली जाते, ‘गावठी का?’ असे विचारले की दुकानदार बहुधा खरे सांगतो. कोकमाच्या बाबतीत आगळ आणि सरबत यांत गल्लत करू नये. आगळ खारट असून सोलकढीसाठी असते, आणि सरबताच्या अर्कात साखर असते. एका परगावच्या मैत्रिणीने पाहुण्यांना आगळाचे सरबत करून दिले होते, त्याची आठवण अजून निघते. आमसुले मऊ आणि काळसर लाल घ्यावीत. वर मिठाचा पांढरा थर असेल तर आपण मिठालाच भाव देत असतो. आंबापोळी आणि फणसपोळी घेताना पाकिटावरचे गराचे प्रमाण वाचावे. उन्हात वाळवलेली आंबापोळी तपकिरी झाकेची असते, नारिंगी झळाळीची नसते. योजकसारख्या जुन्या स्थानिक उत्पादकांचा माल घ्यावा किंवा राम आळी-गोखले नाक्याच्या बाजारातून, जिथून आम्ही स्वतः घेतो, तिथून घ्यावा. प्रेक्षणीय ठिकाणांच्या दारातली दुकाने टाळावीत.

राहिला प्रवास. कोल्हापूरहून येताना आंबा घाट लागतो, आणि भरल्या पोटी निघालेली मुले तिथे हटकून ओकतात. साखरप्याला उतरेपर्यंत त्यांना कोरडी भाकरी किंवा बिस्किटाखेरीज काही देऊ नये, मोबाइलवर बंदी घालावी, आणि आमसुलाचा तुकडा जिभेखाली ठेवायला द्यावा. परतताना हाच घाट पेट्यांसह चढायचा आहे. पेट्या बंद डिकीत उन्हात तापू देऊ नयेत. मागच्या आसनाच्या पायथ्याशी ठेवाव्यात, वर काही रचू नये, आणि पहाटे पाचला निघावे, म्हणजे ऊन चढण्यापूर्वी घाट मागे पडेल आणि मुले झोपेतच कोल्हापूरला पोचतील.